उष्टा धूर

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ८
डॅशबोर्डवर पिवळा दिवा. सिग्नलला उभी राहिली की गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरते, ॲक्सिलरेटर दाबला की मागून काळा धूर. मागच्या स्कूटरवाल्या बाईंनी नाकाला ओढणी लावून माझ्याकडे पाहिलं. जणू धूर मीच सोडला.
गाडी सतरा वर्षांची आहे, मान्य. तेव्हा लोखंड वापरायचे. मेहुण्याने मागच्या महिन्यात आणलीय ती गाडी नव्हे, चाकं लावलेला मोबाइल.
शनिवारी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्यांना मीच नेणार. याच गाडीतून. ठरलं.

सायंकाळी ७
मेकॅनिककडे गेलो. त्याने स्कॅनर लावला आणि ईजीआर व्हॉल्व्ह अडकलाय म्हणाला. इंजिनातून बाहेर पडलेला थोडा धूर हा व्हॉल्व्ह पुन्हा इंजिनात पाठवतो म्हणे, आणि काजळीमुळे तो आता मिटतच नाही. काढून साफ करतो, दोन दिवस गाडी ठेवा.
म्हणजे इंजिनाला स्वतःचाच उष्टा धूर पाजायचा. शिसारी आली. आणि स्कॅनरवरचं वाचून दाखवायला मेकॅनिक कशाला, वाचता मलाही येतं.
विचार करून सांगतो म्हणालो. माझं निदान: सेन्सर.

४ फेब्रुवारी, मंगळवार
हवा मोजणारा सेन्सर बदलला. एअर फिल्टरही. दिवा तसाच.
दुकानदार म्हणाला, लावलेला सेन्सर परत घेत नाही. माणसांत माणुसकी राहिलेली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
ऑफिसातून अर्धी रजा. कारण लिहिलं 'घरगुती'.
व्हॉल्व्हकडे जाणारी रबरी नळी तडकलेली सापडली. बदलली. बॅटरीची वायर काढून लावली आणि दिवा विझला. जेवताना सगळं समजावून सांगितलं. बायकोने आमटी वाढली. मुलीने कानात काहीतरी घातलं होतं. मेहुण्याला मुद्दाम फोन करून कळवलं, शनिवारी तुझी गरज नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ९.१०
दिवा परत लागला. थरथरही आहे.
एक शक्यता अशी की दिवाच बिघडलाय. त्यावर काळी चिकटपट्टी लावली. बरं वाटलं.

रात्री ८
बायकोने पट्टी काढली. म्हणाली, दिवा झाकून दुखणं बरं होत असतं तर आईलाही डोळ्यावर पट्टी बांधून घरीच बसवलं असतं. गाडी मेकॅनिककडे टाका आणि शनिवारी दादाला बोलवा.
दादा. आला का दादा मध्ये.
उद्या व्हॉल्व्ह मीच काढणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पूर्ण रजा. व्हिडिओतल्या माणसाने तो वीस मिनिटांत काढला. मला चार तास लागले, कारण त्याच्या गाडीत जागा जास्त असणार.
आतलं दृश्य लिहवत नाही. डांबर, त्यावर काजळी, त्यावर तेल. सतरा वर्षांची घाण. टूथब्रशने खरवडली. हात धुतले, पुन्हा धुतले, तरी पोळीला वास येत होता. बायकोने माझं ताट बाल्कनीत मांडलं.
बसवताना एक बोल्ट तुटला. तीन आहेत, पुरेत. सांध्यातून धूर गळू न देणारं गॅस्केट फाटलं. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं नवं कापलं. अगदी मापात. कंपनीवाल्यांना हे सुचत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ३
सासूबाई नऊला तयार होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोकला असेल तर ऑपरेशन पुढे ढकलू. तो नव्हता.
गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. बायकोकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती.
पुलाच्या अलीकडे बॉनेटखालून शिट्टी वाजायला लागली. मग जळक्या पुठ्ठ्याचा वास. मग एसीच्या जाळीतून धूर, थेट सासूबाईंच्या तोंडावर. त्या खोकायला लागल्या. मी म्हणालो, सुरुवातीला थोडं होतं. बायको म्हणाली, गाडी थांबवा. असा आवाज मी लग्नानंतर दोनदाच ऐकलाय.
फुटपाथवर तिने आईची पाठ चोळली. मी बॉनेट उघडून उभा राहिलो. मेहुणा बारा मिनिटांत आला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर उत्तर तयार होतं.
सासूबाई पाणी प्यायल्या, खोकला थांबला. जाताना काच खाली करून म्हणाल्या, जावईबापू, उन्हात उभे राहू नका. त्यांना नीट दिसत नाही, तरी मी मान वळवली.
ऑपरेशन वेळेवर झालं. मी तेव्हा टोचन गाडीची वाट पाहत होतो.

१० फेब्रुवारी, सोमवार
बायको आणि मी गाडी आणायला गेलो. थरथर नाही, धूर नाही, दिवा विझलेला. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, व्हॉल्व्ह.
मेकॅनिकने जळका पुठ्ठा चिमटीत धरून दाखवला. कुठल्या गाढवाने लावलाय हा, त्याने विचारलं.
मी म्हणालो, मागच्या गॅरेजवाल्याने.
त्याने पुठ्ठा कचऱ्यात टाकला, हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, साहेब, अकरा वर्षं ही गाडी माझ्याकडेच येते.
बायकोने चावी घेतली. मी मागे बसलो.