नमुन्याचा कागद

सोमवार, ३ मार्च

एकतीस कागद, एकतीस कोरे. एकालाही कुठं काही दुखत नाही!

ही माणसं दिवसभर इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरींशी झुंजतात. ओल्या चादरी धुलाईयंत्रातून गाडीत पडतात तेव्हा त्यांचा एक जड गोळा झालेला असतो. त्यातून एकेक ओढून काढायची, झटकायची, दोघींनी दोन टोकं धरून तापलेल्या रोलरला द्यायची, पलीकडे घडी घालायची. आठ तास. आणि माझ्या कागदावर सगळे ठणठणीत.

कागद तरी किती सोपा. माणसाची दोन चित्रं, एक पुढून, एक मागून. दुखतं तिथं फुली मारा, झालं. मागच्या आठवड्यात सुरक्षा अधिकारी म्हणून तासभर घसा कोरडा करून समजावलं. गोंधळ नको म्हणून एक नमुना स्वतः भरून दाराजवळच्या फळ्यावर टाचला. खाली पेटी ठेवली.

पेटी उघडली तेव्हा घडीच्या टेबलावरची एक बाई समोरच मनगट चोळत उभी होती. तिचाही कागद कोरा. विचारलं, "मग हे काय?" म्हणाली, "हे होय? हे रोजचंच."

मंगळवार, ४ मार्च

मोठ्या साहेबांकडे गाड्यांचा विषय काढला. तिसऱ्यांदा.

गाडी म्हणजे चाकांवरचा खोल हौदच. वरच्या चादरी हाताशी येतात, पण तळाच्या काढायला कमरेत मोडून आत डोकं घालावं लागतं. काल जेवणाच्या सुट्टीपर्यंत एका जोडीचं वाकणं मोजलं – दोनशे चौदा वेळा. माझा विषय एर्गोनॉमिक्स, म्हणजे कामाची साधनं माणसाच्या अंगाला जुळवणं; म्हणणं एवढंच, की गाडीला स्प्रिंगवरचा तळ बसवा. माल कमी होईल तसा तळ वर येईल, कुणालाच वाकायला नको. वर्कशॉपमधले फिटरकाका म्हणतात, जुन्या पलंगांच्या स्प्रिंगा पडून आहेत, दोन दिवसांत एक गाडी करून देतो.

मोठे साहेब कागदांचा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसत म्हणाले, "दुखतंय कुणाला? तुमच्याच कागदावर सगळे धडधाकट. तुमचं ते एर्गो-बिर्गो राहू द्या, त्यांना नीट वाकायला शिकवा. पाठ सरळ, गुडघे वाकवून."

गुडघे वाकवून! गाडीची भिंत गुडघ्यांच्या आड येते. वाकवायचे कुठं, गाडीच्या आत? हे बोललो नाही. बोलायला हवं होतं. जिन्यात बोललो, एकट्यानं.

कागदावर नाव लिहायचं हीसुद्धा त्यांचीच अट. मी म्हटलं होतं, नावं नकोत. तर म्हणे, "नाव नाही तर मदत कुणाला करणार?" गेल्या वर्षी एकीनं खांदा दुखतो म्हणून सांगितलं, तिला मदत म्हणून फाटकावर नोंदी करायला बसवलं. दोन महिन्यांनी फाटकावर माणूस जास्त झाला म्हणून काढलं. हे सगळ्यांना पाठ आहे.

बुधवार, ५ मार्च

उभ्यानंच लिहितोय. बसवत नाही.

गुरुवार, ६ मार्च

डोकं फिरलं आज.

गाड्या मिळत नाहीत तर निदान फेरपालट तरी व्हावी म्हणून मी तक्ता केलाय. रोलरवरच्या जोडीतली एक गाडीकडे उभी राहते, वाकून चादर काढते. दुसरी पलीकडचं टोक धरते. दर तासाला जागा बदलायची. म्हणजे वाकणं दोघींत वाटलं जातं. साधी गोष्ट. सगळ्यांनी सह्या केल्या.

चौथी जोडी बदलतच नाही. सकाळी बघितलं, आक्का गाडीकडे. दुपारी बघितलं, आक्का गाडीकडे. पन्नाशी उलटलेली बाई वाकतेय, आणि पलीकडे तिची जोडीदारीण – तिशीची, सगळे तिला काडी म्हणतात – ताठ उभी, नुसतं टोक धरून. हिला लाज कशी वाटत नाही?

आक्कांना म्हटलं, "घंटा झाली, जागा बदला."

"मला इथंच बरं पडतं, साहेब."

"बरं पडण्याचा प्रश्न नाही. तुमच्या कमरेचा प्रश्न आहे."

"माझ्या कमरेचं मी बघते. तुम्ही तुमच्या टेपचं बघा."

मागून हशा. सारखा मोजायची टेप घेऊन फिरतो म्हणून मला टेपसाहेब म्हणतात हे माहीत आहे, पण तोंडावर पहिल्यांदाच. ज्यांची हाडं शाबूत राहावीत म्हणून मी इथं मान खाली घालून ऐकून घेतो, तेच हसतात. आठवड्याच्या अहवालात लिहून टाकलं – "जोडी क्र. ४, वारंवार सांगूनही फेरपालट करत नाही." लिहून बरं वाटलं.

शनिवार, ८ मार्च

लेक पायाला बिलगली, "बाबा, उचल." म्हटलं, आता तू मोठी झालीस. ती म्हणाली, "तू दिवाणाखाली पडलेला चेंडूपण काढत नाहीस." आठ वर्षांची पोर, पण नजर तिच्या आईची.

ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. नंतर माझं पेन खाली पडलं. मी एका हातानं टेबल धरलं, एक पाय मागं नेला आणि कंबर न वाकवता कसंबसं उचललं. वर बघतो तर ही दारात. "नवीन व्यायाम आहे का?" म्हणाली. हो म्हणालो.

सोमवार, १० मार्च

आक्कांना पत्र गेलं.

"सुरक्षेचे नियम जाणूनबुजून मोडल्याबद्दल" सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी. खाली पुरावा म्हणून माझं वाक्य. जसंच्या तसं, जोडी क्र. ४ सकट.

मी तडक वर गेलो. म्हटलं, हे मी अशासाठी लिहिलं नव्हतं. मोठे साहेब शांतपणे म्हणाले, "मग कशासाठी लिहिलं होतं?"

रागानं लिहिलं होतं. एका बाईनं चारचौघांत हसं केलं म्हणून.

मंगळवार, ११ मार्च

आजवर एकेका जोडीपाशी दहा-दहा मिनिटं उभं राहून मी निरीक्षणं लिहिली. आज चौथ्या जोडीसमोर अख्खी पाळी काढली. आक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. मी असून नसल्यासारखा.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाकावर बसल्या, काडी भिंतीला टेकून उभ्यानं जेवली. नंतर तिच्या हातून रुमाल पडला. तिनं एका हातानं टेबल धरलं, एक पाय मागं नेला आणि कंबर न वाकवता उचलला.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. हा व्यायाम मला ठाऊक आहे.

पाळी सुटल्यावर आक्कांना गाठलं. म्हटलं, "काडीच्या पाठीचं कधीपासून?"

त्यांनी आधी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाल्या, "सात महिने झाले. गाडीत वाकली ती वर येईचना. डॉक्टर म्हणाला, वाकायचं नाव काढू नको. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू, दोन पोरं. तिला फाटकावर पाठवू का मी?"

"म्हणून सगळं तुम्हीच वाकता."

"मग कोण वाकणार? तुम्ही?"

"हे कागदावर का नाही लिहिलं कुणी? त्याच्यासाठीच तर होता तो. सगळ्यांच्या फुल्या दिसल्या असत्या तर गाड्या मिळाल्या असत्या."

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"साहेब, नमुना तुम्हीच लावला होता ना भिंतीवर? त्याच्यात होती का एक तरी फुली? आम्ही म्हटलं, असाच द्यायचा असणार. तुमच्यासारखा शिकलेला माणूस कोरा देतो, तर आम्ही कशाला अडकायचं?"

पत्राचं काय करणार, विचारलं. म्हणाल्या, "काय करायचं? लिहीन, चुकलं म्हणून. काडीचं नाव घेणार नाही. तुम्ही घेणार असाल तर आत्ताच सांगा."

नाही घेणार म्हणालो. शब्द दिला. आता शब्द पाळला तर माफी मागूनही जागा न बदलणाऱ्या आक्का जातात, आणि मोडला तर काडी जाते. आणि दोन्हींच्या मुळाशी मी! चांगला सुरक्षा अधिकारी आहे.

बुधवार, १२ मार्च

मोठ्या साहेबांशी अर्धा तास. म्हटलं, वाकणं हा बायकांचा दोष नाही, गाडीचा आहे. पत्र मागं घ्या, गाडी बदला. ते म्हणाले, "दुखणं कागदावर दाखवा." म्हटलं, पुन्हा एकदा कागद भरून घेऊ द्या. म्हणाले, घ्या, हौस असेल तर. शनिवारपर्यंत. नावासकट.

घोडं नावापाशीच अडणार. पहिली फुली मारेल तो फाटकावर जाणार, म्हणून पहिली फुली कुणी मारायची नाही. हे एकतीस जणांना न बोलता कळतं. मला कळायला पाच महिने लागले.

गुरुवार, १३ मार्च

लिहून टाकतो. इथं तर कुणी वाचत नाही.

ऑक्टोबरात मी सगळ्यांना वजन उचलायचं प्रशिक्षण दिलं. गोल उभे केले आणि मळक्या चादरींचं भरलेलं पोतं मधे ठेवलं. पाय फाकवून, पाठ सरळ, गुडघे वाकवून, पोतं अंगाजवळ. सगळं पुस्तकाप्रमाणे. वर येताना कमरेत काहीतरी सुटल्यासारखं झालं. डोळ्यांपुढं अंधारी. मी हसत पोतं खाली ठेवलं आणि म्हणालो, "बघा, किती सोपं." टाळ्या वाजल्या.

मी काही चुकलो नव्हतो. पोतंच एका माणसानं उचलायच्या लायकीचं नव्हतं. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं – पोती लहान करा, माझंच उदाहरण घ्या. पण उचलायला शिकवणाराच उचलताना मोडला! लोक काय म्हणतील? मोठे साहेब काय म्हणतील? अशा माणसाला ठेवतं कोण? म्हणून गप्प बसलो. पट्टा शर्टाच्या आतून बांधतो. हिलाही सांगितलं, झोप नीट लागली नाही. पाच महिने झोप नीट लागत नाहीये मला.

आणि नमुना भरायला बसलो तेव्हा पेन कमरेपाशी थांबलं होतं. चांगलं आठवतंय. मग म्हटलं, नमुना तर आहे, कोण बघतंय.

सगळे बघत होते.

आज रात्रीच्या जेवणाआधी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "मला ऑक्टोबरातच कळलं होतं. तू कधी सांगतोस त्याची वाट बघत होते." मग इतकी रागावली की भाजी करपली. बरोबरच आहे तिचं.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. फळ्यावरचा जुना कागद काढला, नवा टाचला. मागच्या चित्रावर, कमरेत, एक फुली. ठळक. वर माझं नाव, हुद्दा. खाली लिहिलं – "ऑक्टोबर, प्रशिक्षण देताना."

येणारा प्रत्येक जण थबकून वाचत होता. फिटरकाकांनी चष्मा लावून वाचला, चष्मा काढला, निघून गेले. काडी सगळ्यात जास्त वेळ उभी होती.

संध्याकाळी पेटी हलवून बघितली. रिकामी. नुसताच स्वतःचा तमाशा करून घेतला. सोमवारी आक्का माफीचा कागद देणार, आणि माझा कागद बघून मोठे साहेब मलाही फाटकावर बसवणार. दोघं मिळून नोंदी करू.

शनिवार, १५ मार्च

एकतीस कागद. एकतीस फुल्या. सगळ्या मागच्या चित्रावर, कमरेत, माझ्या फुलीच्या जागी! घडीच्या टेबलावरच्या बाईचं मनगट दुखतं, तिची फुली कमरेत. फिटरकाकांचे गुडघे गेलेत, त्यांचीही कमरेत. दिवसभर गादीच्या खुर्चीत बसून चादरी मोजणाऱ्या कारकुनाचीसुद्धा. माझ्या विषयात असल्या सर्वेक्षणाला कचरा म्हणतात.

आक्कांना म्हटलं, "हे काय केलंत?"

"नमुन्याप्रमाणे भरलंय, साहेब. या वेळी बघून बघून भरलं."

गठ्ठा तसाच वर नेला. मोठ्या साहेबांनी एकेक कागद उलटला, काडीचाही इतरांसारखाच उलटला, आणि शेवटी म्हणाले, "सगळ्यांना फाटकावर बसवलं तर रोलर कोण चालवणार? मी?"

मी म्हटलं, "तळाशी वाकावं लागेल, साहेब."

आक्कांचं पत्र मागं घेतलं गेलं. फिटरकाका पलंगाच्या स्प्रिंगा मोजतायत.