दुसरं पाकीट

३ फेब्रु., मंगळ.
आले: आटा १० किलो, ४३०. गूळ, ६५. वाती, १०. माझ्या गोळ्या दोन पाकिटे, १४४. दोन्ही सारखीच! डॉ. बाईंनी चुकून दोनदा लिहिलं असणार. केमिस्ट कुरकुरला, पण एक परत घेतलं. ७२ वाचले.
अंगावरून जातं, खाज येते, एवढं सांगतानाच घाम फुटला. तपासल्यावर बाई बरंच काही सांगत होत्या. लाजेने अर्धं ऐकलंच नाही.

११, बुध.
गोळ्यांचे सात दिवस पुरे. आराम. आजपासून पूजा मीच. इतके दिवस मीनू करायची. "आई, तेरी छुट्टी खतम?" बारावीला आहे, पण जीभ!

१५, रवि.
हे काल पानिपतहून आले. बदली झाल्यापासून शनि-रवि तेवढंच घर. उद्या पहाटे परत. मेतकूट दिलं.

२४, मंगळ.
परत तेच. जळजळ जास्तच.

२५, बुध.
बाईंनी विचारलं, "दूसरा पॅकेट?"
"वापस कर दिया."
"अरे, वो आपके हस्बंड का था! बताया तो था, दोनों खाओगे तभी जाएगा."
संबंधातून लागतं म्हणे. पुरुषाला काही जाणवत नाही, तरी असतं. कुणाकडून, कधीपासून? "कह नहीं सकते. बहुत पुराना भी हो सकता है." गोळ्या दोघांनी बरोबरच सुरू करायच्या, दोघांच्या संपून आठवडा होईतो जवळ यायचं नाही.
परत १४४.
संध्याकाळी समईपाशी थबकले. मग वाटलं, पडसं झालं तर लावतोच की दिवा. लावला.

१ मार्च, रवि.
काल मीनू क्लासला गेल्यावर ह्यांना सांगितलं.
"मला काय धाड भरलीय?"
मग हळूच, "संशय घेतेस माझ्यावर?"
"गोळी घ्या म्हणतेय, शपथ नव्हे."
जेवले नाहीत. रात्री माझी गादी मीनूच्या खोलीत. संशय मनात नव्हता हो. शब्द त्यांनीच काढला, आता तो घरभर...

२, सोम.
पहाटे गेले. पाकीट कपाटात तसंच.

३, मंगळ.
फोन केला. "लोक आहेत इथे," ठेवला. खोलीत आणखी दोघे असतात, खरंच आहे. म्हणून पार्सल स्पीड पोस्टाने: शेंगदाण्याची चटणी, बनियन दोन, मध्ये गुंडाळून पाकीट नि चिठ्ठी. चिठ्ठीची नक्कल:

"सा.न.वि.वि. कुठून आलं ते विचारत नाही. विचारावंसं वाटतं, खोटं कशाला लिहू. पण आधी बरं व्हायचंय. माझ्या गोळ्या आज सुरू. तुम्हीही पार्सल मिळेल त्याच दिवशी सुरू करा, जेवल्यावर, सातही दिवस. मधे दारू अजिबात नको, बाईंनी बजावलंय. दोघांच्या संपून आठवडा होईतो माझी गादी मीनूच्या खोलीतच राहील. शनिवारी जरूर या, पुरणपोळी करते. घेताय की नाही, ते मात्र यायच्या आधी उलट टपाली लिहा. फोन नको. मीनू उचलते."