देव्हाऱ्यासमोरचा ओला डाग

ताकेगातानी,
९ जून

ती. ताईस,
तोकुजीचा शि. सा. न. वि. वि.

भाताची लावणी रविवारी आटोपली. पाठ अजून सरळ होत नाही, पण रोपं छान उभी राहिली आहेत. बाबा असते तर बांधावर बसून एखादी तरी ओळ वाकडी आहे असं म्हणालेच असते.

ऑगस्टमध्ये ओबोन; पितरांच्या या सणाला बाबा यंदा पहिल्यांदाच घरी येणार. मठाचे गुरुजी येतील, सगळे नातेवाईक येतील, म्हणून देव्हाऱ्याच्या खोलीतल्या तातामीवर नवी गवती चटई घालून घेतली. घरभर ओल्या गवताचा वास दरवळतो. शेजारच्या ओसरीत आपल्या गोंबे बोक्याचं शी-शूचं वाळूचं तबक होतं ना, ते बुद्धाच्या इतक्या जवळ मला बरं वाटेना. ते मी अंगणापलीकडे लाकडांच्या खोपीत नेऊन ठेवलं.

आता खरी गोष्ट. मे संपता संपता एका सकाळी देव्हाऱ्यासमोर नव्या चटईवर ओला डाग दिसला. चार दिवसांनी दुसरा. तुझ्या भावजयीने, नात्सुयोने, गुडघे टेकून वास घेतला आणि हा बोक्याचाच उद्योग म्हणाली. संडास धुवायच्या उग्र औषधाने तिने ती जागा घासली, तर तिसरा डाग नेमका तिथेच. तिच्या भावाचं डोंगरापलीकडे तांदळाचं कोठार आहे, तिथे उंदीर फार. खोका घेऊन येतो आणि बोक्याला नेतो, असा त्याचा फोन आला. जेवताना मी हे सांगितलं. आईने हातातला वाडगा खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, त्या मुक्या जिवाला कशाला नावं ठेवता, ते माझ्याकडून होतंय.

ताई, नात्सुयो उठून आत गेली. गावकचेरीतल्या बाईंना मी आडून आडून विचारलं, तर त्यांनी वृद्धाश्रमाचा अर्जच हातात दिला. रांग दोन वर्षांची आहे म्हणे, नाव घालून ठेवा. अर्ज देव्हाऱ्याच्या खणात आहे. रोज जपाला बसतो तेव्हा तो खण डोळ्यांसमोर येतो आणि नाम चुकतं. काय करू, कळव.

तुझ्या लोभाचा भुकेला,
तोकुजी

---

ओसाका,
१५ जून

चि. तोकुजीस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रागच आला. आई एप्रिलमध्ये माझ्याकडे दहा दिवस राहून गेली. रात्री एकदा उठायची, अंधारात भिंत चाचपत जायची, दिवासुद्धा लावायची नाही, मला जाग येईल म्हणून. एक थेंब इकडचा तिकडे नाही. महिन्या-दीड महिन्यात असं काय झालं?

स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. ही गोष्ट पहिल्यांदा काढली कुणी? वास घेतला कुणी? भावाला फोन केला कुणी? नात्सुयोला आईची ती दक्षिणेकडची खोली शिवणकामाला हवी आहे, हे लग्नाला आलेल्या पाहुण्यांनाही ठाऊक होतं. आधी बोका जाईल, मग म्हातारी. आणि आमचे धर्मराज अर्ज आणून थेट बुद्धाच्या खणात ठेवतात! शांत आवाजात कुणी काहीही सांगितलं की तुला ते खरं वाटतं, हे तुझं लहानपणापासूनचं आहे.

जरा डोळे उघडून बघ. आईचे कपडे ओले असतात का? अंथरूण? डाग कोणत्या वेळी पडतो? ती जे सांगते तेही तपासून बघ. ती कबुली कुणाच्या धाकाने देत नसेल ना, एवढंच मला कळायला हवं. तोवर त्या अर्जावर शिक्का उठवलास तर ओबोनला मी येईन ती तुझ्याशी भांडायलाच.

तुझ्या भावोजींचा गुडघा तसाच आहे. तब्येत सांभाळ. माझी माया आहे म्हणूनच बोलते, हे लक्षात ठेव.

फुमिए

---

ताकेगातानी,
२८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नात्सुयोच्या हाती लागलं. रडली नाही, पण दोन दिवस माझ्या सूपमध्ये मीठ नव्हतं. वन्संना ओसाकात बसून इथला वास येतो वाटतं, एवढंच म्हणाली. शिवणयंत्र उचलून तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेलं आणि आता तिथेच शिवत बसते, मुद्दाम माझ्या जेवणाच्या वेळी. तू म्हणालीस म्हणून मी तिच्याकडेही संशयाने बघू लागलो होतो. तिने बादली उचलली तरी कशाला उचलली असं मनात यायचं. लाज वाटते.

तू सांगितलंस तसं बघितलं. आईचे कपडे कोरडे, अंथरूण कोरडं. डाग नेहमी पहाटेचा. मग एक विचित्र गोष्ट झाली. मंगळवारी फिरत्या दुकानाची गाडी आली, तेव्हा आईने साऱ्या आळीसमोर मोठ्या माणसांचे डायपर मागितले, तेही ठणठणीत आवाजात. आपली आई, जी स्वतःचे आतले कपडे आजवर चादरीआड वाळत घालते! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

परवा मी सहाऐवजी पाचलाच उठलो. देव्हाऱ्याच्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. आईने देव्हाऱ्याची दारं लावून घेतली होती, आतल्या बाबांच्या नावाच्या पाटीला दिसू नये म्हणून. समोर चटईवर एक डायपर पसरलेला आणि त्यावर गोंबे, मागचे पाय थरथरत, आपलं काम करतोय. आई तोंड भिंतीकडे फिरवून एका हाताने त्याची पाठ धरून बसली होती आणि पुटपुटत होती की आटप रे बाबा, तोकुजी उठेल. मग तिने ते गुंडाळून पिशवीत घातलं, कडेला सांडलेलं पुसलं, देव्हारा उघडला, उदबत्ती लावली आणि बाबांची माफी मागितली. मी पावलं न वाजवता परत अंथरुणात शिरलो. सहाला खोकत खोकत गेलो, तर हात जोडून म्हणाली, आज पुन्हा झालं रे माझ्याकडून.

ताई, बाबा पहाटे जपाला बसायचे तेव्हा गोंबे शेजारी ओसरीत तबकात जायचा. तेरा वर्षांची सवय. तबक मी हलवलं. अंगण ओलांडून, खोपीचा उंच उंबरा चढून त्या म्हाताऱ्या बोक्याने जावं अशी माझी अपेक्षा, आणि रात्री ओसरीचं दार मीच लावतो. जागा पवित्र राहावी म्हणून हे सगळं केलं, आणि त्याच जागी माझ्या आईला रोज खोटं बोलायला लावलं. त्या दिवशी जप झाला नाही, नुसता बसून राहिलो.

अर्ज चुलीत घातला. पण मी पाहिलं हे आईला सांगावं का? सांगितलं तर ती माझ्याकडे वर मान करून बघू शकेल का? तुझ्या उत्तराची वाट बघतो.

तोकुजी

---

ओसाका,
३ जुलै

चि. तोकुजीस,
अ. उ. आ.

हे पत्र आधी नात्सुयोच्या हाती दे. नात्सुयो, मी तुझ्याबद्दल वाईट चिंतलं. चुकले. ओबोनला येईन तेव्हा भांडी मी घासीन आणि तू मला हवं ते बोल.

आता बोक्याचं. शेजारच्या बाईंकडे चार मांजरं आहेत, त्यांना विचारलं. तबक आजच ओसरीत परत ठेव. त्याचे पाय धरले आहेत, तेव्हा बुटक्या कडेचं घे. वाळू रोज काढ. ते उग्र औषध फेकून दे. त्याचा वास मांजराला दुसऱ्या मांजराच्या मुतासारखा येतो, म्हणून तो पुन्हा तिथेच जातो. ताजा डाग फडक्याने टिपून घ्यायचा, घासायचा नाही, मग कोमट पाण्याने पुसून उन्हाकडची दारं उघडायची. ओरडायचं नाही. आणि करताना कण्हतो का, थेंब थेंब होते का, ते बघ. तसं असेल तर डॉक्टरकडे ने.

आईला काही सांगू नकोस. तबक आलं की तिचं दुखणं आपोआप बरं होईल. मला जरा बरं वाटतंय असं ती एक दिवस स्वतःच म्हणेल, तू फक्त हो म्हण. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा मान असाच ठेवायचा असतो. तिच्याशी दोघंही गोड वागा, म्हणजे झालं.

रागावले तरी तुझीच,
ताई

---

ताकेगातानी,
२१ जुलै

चि. सौ. फुमिएस,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र टपालवाल्याच्या हातीच देते आहे, घरात कुणाला ठाऊक नाही.

इथे काहीतरी शिजतंय. तोकुजी दिवसातून दोनदा विचारतो, आई, बरी आहेस ना? नात्सुयो कलिंगडाची मधली फोड मला देते. काल तिने माझे पाय चेपले. वीस वर्षांत कधी चेपले नव्हते. निरोप द्यायच्या माणसाशी असंच वागतात. देव्हाऱ्याच्या खणात मी आश्रमाचा अर्ज पाहिला होता, तो आता तिथे नाही. म्हणजे भरून धाडला असणार. खरं काय ते तू तोकुजीकडून हळूच काढून घे.

तुला म्हणून खरं सांगते. माझं काही बिघडलेलं नाही. ते सगळं गोंबेचं. नात्सुयोचा भाऊ त्याला कोठारात नेऊन टाकणार होता, तेव्हा मी दोष अंगावर घेतला. विचार केला, माणसाला घराबाहेर काढायला अर्ज लागतो, शिक्का लागतो, चार माणसांना तोंड द्यावं लागतं. मांजराला खोका पुरतो. तुझे बाबा दवाखान्यात शेवटच्या दिवशी काय बोलले माहीत आहे? माझ्याबद्दल अवाक्षर नाही. गोंबेला सार्डिन मासा काटा काढून दे, म्हणाले.

कुणास ठाऊक का, तोकुजीने तबक परत ओसरीत आणून ठेवलं. नवं, बुटकं. गोंबे सोळा दिवसांत एकदाही चुकला नाही. पण म्हणूनच माझी पंचाईत झाली आहे. मी आता बरी झाले म्हटलं, तर दोघं सरळ ताडतील की तबक आलं आणि म्हातारी बरी झाली. मग खरा चोर कोण ते कळेल आणि खोका येईल. त्यामुळे मी रोज रात्री तो डायपर नेसूनच झोपते आणि सकाळी त्यावर थोडं पाणी ओतून नात्सुयोला दिसेल असा टाकते.

उकाडा फार आहे ग. घामोळ्या आल्या आहेत. ओसाकात पातळ डायपर मिळतात म्हणे, ओबोनला येताना दोन पुडकी आण. गोंबे तेरा वर्षांचा आहे, अजून चार-पाच उन्हाळे सहज काढेल. तेवढे मीही काढीन.

वाचून झालं की हे पत्र जाळून टाक, माया तेवढी राहू दे.

तुझी आई