राहतं घर, कपाटामागची ओल आणि एक सही

मी, खाली सही करणारी, शिवणकामाच्या कमाईवर हे घर घेतलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. मुलगा म्हणतो, आईचं डोकं आता चालत नाही. चालतं की नाही, ते पुढे कळेलच.

१. माझं राहतं घर मी मुलाला देते. तो घरांचा दलाल आहे. मध्यंतरी मला न विचारता त्याने गिऱ्हाईक आणलं. मी पलंगावर पडले होते. माझ्याकडे हात करून म्हणाला, "हे एवढं निघालं की खोली मोठी दिसेल." पलंगाबद्दल म्हणाला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

२. पुढेमागे घर घेणाऱ्यांनो, ऐका. कपाटामागे ओल आहे. कपाट तिथे आहे ते म्हणूनच. घर बघायला आलात की नळ सोडून बघा, खिडक्या उघडा, आणि विचारायचं ते दलालाला नाही, घरात राहणाऱ्याला विचारा. "इथे सही करा, बाकी नेहमीचंच आहे," असं कोणी म्हटलं की खुर्ची ओढून बसा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मुलाचा अख्खा धंदा या एका वाक्यावर उभा आहे.

३. शिवणयंत्र लेकीला. ती माझ्यापाशी राहते, माझं सगळं करते, आणि भाऊ घर विकणार म्हणून तिने आत्तापासूनच आवराआवर सुरू केली आहे. बाळा, घाई करू नकोस.

४. वरच्या मजल्यावरच्या बाईंना, ज्यांच्या न्हाणीघराने मला ती ओल दिली, मी माफी देते. दुसरं काही देत नाही.

५. वकील म्हणाले, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातलं काहीच मिळत नाही. मी साक्षीला मुलालाच बोलावलं आहे. त्याने हे वाचून सही नाकारली, तर घर त्याचं; साक्षीला शेजारी येतील. न वाचता केली, तर घर लेकीचं. कागद उघडा ठेवीन, शेजारी त्याचा चष्माही ठेवीन.

ठिकाण: माझंच घर, खिडकीजवळचा पलंग.
वार: रविवार, मुलाच्या गिऱ्हाइकांचा.
सही: आई

साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. सगळं वाचून सही केली.

साक्षीदार दुसरे: मुलगा. सही केली.

डॉक्टरांची नोंद: दुसऱ्या साक्षीदाराने कानाचा फोन न काढता विचारलं, "आई, कुठे करू सही?"

बाई म्हणाल्या, "इथे कर. बाकी नेहमीचंच आहे."