दोनशे मीटरचा झिरो

केज,
गुरुवार, १९ जानेवारी २०२३

प्रिय मंगल,

दादाचे आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या शिवकन्या वहिनीची पाठ अजून दुखते, पण ती कामं थांबवत नाही. थंडी यंदा बरी पडली. रोहिणीची सराव परीक्षा कशी गेली ते कळव; गणितात अडलं तर मामाला फोन करायला लाजू नको म्हणावं.

त्या दिवशी चहा तसाच ठेवून का गेलास, असं तू फोनवर विचारलंस. मी म्हणालो, कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. नव्हतं. तुझा फोन तानाजीराव बघतात, म्हणून हे पत्र तुझी मदतनीस संगीता हिच्या हाती तुझ्या अंगणवाडीत पाठवतोय. तिथंच वाच आणि तिथंच चुलीत घाल.

आधी रायफलीचं सांगतो, कारण ते सांगायला सोपं आहे.

तुझ्या दिराचा, अजिनाथचा हात गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात तानाजीराव ती घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, तुमी एनसीसीत नेमबाजीचं बक्षीस घेतलतं म्हनं. हिची दुर्बीण का ऐकत न्हाई, बगा जरा. हरभऱ्यात डुकरं लई मातलीत." मी हो म्हणालो. डुकरांवर माझा विश्वास बसला होता की मला बसवून घ्यायचा होता, हे मी रोजनिशीत तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलंय आणि तिन्ही वेळा खोडलंय.

दुर्बिणीतून पाहिलं की मध्ये फुली दिसते. फुली जिथे, गोळी तिथे, एवढं जुळवायचं. त्याला झिरो करणं म्हणतात. गोळी डावीकडे पडली तर दुर्बिणीवरची चकती फिरवायची, फुली सरकते, पुन्हा झाडून बघायचं. आम्ही खडीच्या बंद खाणीत गेलो, वाळूच्या पोत्यांवर रायफल टेकवली, समोर कागद लावला. पहिली गोळी डावीकडे. चकती फिरवली. दुसरी वर गेली. तिसरी कागदालाच लागली नाही. वर्गात मी पोरांना सांगतो, चूक दर वेळी सारखी असेल तर दुरुस्त होते. हिची चूक सारखी नव्हती.

तानाजीरावांना कंटाळा आला. खाणीच्या कडेला एक पिवळं कुत्रं झोपलं होतं. मी "अहो" म्हणेपर्यंत त्यांनी गोळी झाडली. ती त्याच्या मागच्या पायांतून गेली. कुत्रं पुढच्या दोन पायांवर गोल गोल फिरत ओरडत राहिलं, मागचा भाग खडीवरून फरफटत. "बगा पाव्हणं," ते म्हणाले, "हातभर डावीकडं. कागदापरीस ह्ये बरं कळतंय." मी रायफल घेतली, त्याला मोकळं करावं म्हणून. डोक्यावर फुली धरली. जबडा उडाला, आणि ते मेलं नाही. शेवटी ड्रायव्हरनं जॅकचा दांडा आणला. त्याला चार घाव घालावे लागले. परत येताना तानाजीराव गाडीत म्हणाले, "मास्तर लोकांला रगत बघवत न्हाई." ड्रायव्हर हसला. मीही हसलो, मंगल.

रायफल माझ्याकडे ठेवून ते गेले. दुसऱ्या दिवशी मी दुर्बीण उतरवली. तिला नळीवर धरून ठेवणारी जी लोखंडी पट्टी असते, तिच्याखाली काय निघालं असेल? कुंकू. हळद. एक वाळलेली शेवंतीची पाकळी. खंडेनवमीला तू दरवर्षी हत्यारांची पूजा करतेस, नारळ तिथंच फोडतात. पाणी पट्टीखाली झिरपलं, गंजलं, त्यात कुंकवाची खपली बसली. त्यामुळे पट्टी पूर्ण टेकत नव्हती. प्रत्येक गोळीच्या दणक्यानं दुर्बीण केसभर डुलायची, आणि केसभराचं लांबवर हातभर होतं. तुझ्या घरच्या बंदुकीला तूच, न कळत, आंधळं करून ठेवलं होतंस.

मी ती खपली खरवडली. रॉकेलनं पुसलं, स्क्रू नवे घातले. मला आनंद झाला होता हेही लिहितो. दोष सापडला की होतो तो आनंद. खाणीत एकटा गेलो, पन्नास मीटरवर कागद लावला, आणि तीन गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जाव्यात अशा बसल्या. फोन करून सांगितलं.

"पन्नास न्हाई, सर," तानाजीराव म्हणाले. "दोनशेला करा."

डुकराला दोनशेवरून कोण मारतं? हरभऱ्यात ते तीस-चाळीस मीटरवर येतं, आणि तेही अंधारात. मी विचारलं. ते म्हणाले, "तुमी फकस्त आकडा धरा."

मी आकडा धरला. दोनशेला झिरो केला. मग रायफल द्यायला म्हणून तुमच्याकडे आलो. तानाजीराव अजिनाथला घेऊन बीडला दवाखान्यात गेले होते. मी तुला म्हणालो, टाकीवरून रेंज येते का बघतो, फोन करायचाय. रायफल गोणपाटात होती. तू चहा टाकायला आत गेलीस.

तुमच्या पाण्याच्या टाकीवरून दोनशे मीटरवर रामप्रसादची वीटभट्टी आहे.

मंगल, अजिनाथ माझा विद्यार्थी. भिंगातून जाणाऱ्या किरणांच्या आकृत्या त्याच्याइतक्या स्वच्छ माझ्या वर्गात कुणी काढल्या नाहीत. विटांसाठी येणारी राखेची गाडी तुमच्या भट्टीवर आधी रिकामी व्हायची की त्याच्या, एवढ्यावरून रामप्रसादच्या माणसांनी त्याचा तो हात ट्रॉलीच्या फळीवर दाबून धरला आणि मनगटावर कोयता घातला. पहिल्या घावात तुटला नाही म्हणून दुसरा घातला. रामप्रसाद शेजारी उभा राहून म्हणाला, "नीट धरा बे, फळी खराब हुईल." हे मला अजिनाथनं स्वतः सांगितलं, आणि वर म्हणाला, "सर, बोटं अजून खाजत्यात." तो माणूस जामिनावर सुटून आलाय आणि भट्टीवर बसतो.

मी टाकीवरून पाहिलं तेव्हा तो दाढी करत होता. लिंबाला आरसा टांगलेला. मान वर, गालाला साबण. दुर्बिणीतून त्याच्या गळ्याची शीर दिसत होती.

अंतर बरोबर आहे का ते पाहायला मी चढलो होतो. ते पाहून झालं होतं. तरी मी उतरलो नाही. रायफलीत गोळी होती. रिकामी करायची राहून गेली, असं मला इथं लिहिता आलं असतं आणि तू मानलंही असतंस. पण ती गोळी मी टाकीवर भरली. फुली शिरेवर धरली, श्वास अर्धा सोडला, जसा कॅम्पमध्ये शिकवला होता तसा.

तेवढ्यात सारजाबाई डोक्यावर विटांची पाटी घेऊन मध्ये आली. तीच, तुमच्याकडे कापूस वेचायला येते ती. तिचं डोकं फुलीत आलं. मी बोट सैल केलं. पुढचं नीट वाच, कारण हे पत्र एवढ्यासाठीच लिहितोय: मी थांबलो नव्हतो. मी ती बाजूला व्हायची वाट बघत होतो. ती पाटी उतरवून पदरानं तोंड पुसत तिथंच उभी राहिली, आणि तू खालून हाक मारलीस, "दादा, चहा निवतोय." मी उतरलो. कप हातात घेऊन तुझ्यासमोर बसणं मला जमलं नसतं. म्हणून रायफल गोणपाटात गुंडाळून परत घेऊन गेलो.

त्या रात्री तानाजीरावांना कळवलं, दोनशेला झिरो होत नाही, अजून वेळ लागेल. तेव्हापासून हेच सांगतोय. काल ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर, तुमच्यानं न्हाई व्हायचं. रविवारी नेतो, दुसऱ्याकडनं करतो." तो दुसरा पहिल्याच गोळीत ओळखेल की करण्यासारखं काही उरलेलं नाही.

म्हणून शनिवारी सकाळी मी रायफल पोलीस ठाण्यात जमा करणार आहे. ती कशाला हवी होती आणि मी टाकीवर काय केलं, दोन्ही जबाबात लिहून देणार आहे. माझी नोकरी जाईल. तानाजीरावांना आत घेतील. रामप्रसादला कळेल की समोरच्या घराचा दात पाडलाय, मग तो आणखी माजेल, कदाचित अजिनाथच्या उरलेल्या हातावर येईल. असं झालं तर मी रक्त थांबवलं की वाढवलं, मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की ती बाई हलली असती तर मी झाडली असती, आणि तानाजीराव तर ती हलायचीही वाट बघणार नाहीत.

त्यांचा राग आधी तुझ्यावर निघेल. गेल्या महिन्यात तुझ्या कानाखाली वळ होता. तू म्हणालीस, दार लागलं. मी मान डोलावली. उद्या, शुक्रवारी दुपारीच रोहिणीला घेऊन नांदूरघाटला साखराबाई मावशीकडे जा. मावशी आजारी आहे म्हण. कपडे जास्त घेऊ नकोस, संशय येईल.

किंवा हे त्यांना सांग. तो तुझा संसार आहे, आणि दिराच्या तुटलेल्या हाताला रोज पट्टी तू बांधतेस, मी नाही. तुलाही रामप्रसाद मेलेला हवा असेल, तर मी कुठल्या तोंडानं नको म्हणू? मीही तेच हवं म्हणून टाकीवर आडवा झालो होतो.

सांगितलंस तर ते उद्याच इकडे येतील. रायफल घरात आहे, पण तिचा बोल्ट मी काढून दुसरीकडे ठेवलाय; त्याच्याशिवाय ती नुसती नळी आहे. बोल्ट मी देणार नाही, काय वाट्टेल ते होवो.

तुझ्याकडे एकच मागतो. सांगायचं ठरवलंस तर ते निघाल्यावर शिवकन्याच्या फोनवर एक मिस्ड कॉल दे. मी तिला शेजारी पाठवीन. दार उघडायला मी एकटा असेन.

मिस्ड कॉल आला तरीही तुझाच,
दादा