पुलावाआधीचे पाच तारे

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काम मिळालं! म्हणजे काम कसलं — दारात उभं राहायचं. शनिवारी ठाण्याला एका हॉलमध्ये सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद आहे. काकूचा विनीतदादा तिथे भाषण करणार, आयुष्यातलं पहिलं. परिषद भरवणारा रत्नदीप त्याचा मित्र. दादानेच त्याला सांगितलं, "आमची शिवानी रिकामीच असते." रिकामी! एवढ्यात दोन नोकऱ्या सोडल्या मी, त्याला काय मेहनत लागत नाही?

काकू म्हणाली, "भटकभवानी, निदान तिथे तरी शेवटपर्यंत टिक."

शनिवार, ७ फेब्रुवारी

पायांचे तुकडे पडलेत. पण लिहिणारच.

तर माझं काम असं — भाषण झालं की लोकांनी मोबाइलवर मत द्यायचं. पाचपैकी किती तारे, आणि खाली दोन ओळी. मग मोबाइल मला दाखवायचा, मी जेवणाचं कुपन द्यायचं. मत नाही तर पुलाव नाही! आयडिया रत्नदीपची. "नाहीतर कोण भरतंय गं?" वर आणखी शहाणपणा — दुपारी गर्दी नको म्हणून सगळ्या भाषणांची मतं सकाळपासूनच खुली करून ठेवलेली.

झालं. चहाच्या रांगेतच पब्लिक सुरू. एका हातात वडा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पाच, पाच, पाच. एकजण मित्राला ओरडतोय, "अबे सगळ्यांना पाच मार ना, विचार काय करतो!" ही शिकलेली माणसं. गळ्यात ओळखपत्रं, बैलाच्या गळ्यात घंटा असते तशी. मी एकाला म्हटलं, "अहो, भाषण सुरू तरी होऊ द्या." तर म्हणतो, "मॅडम, माझा माणसांवर विश्वास आहे." माणसांवर नाही रे, पुलावावर!

दादाचं भाषण — ॲप हळू का चालतं यावर. दादा त्याहून हळू चालला. सगळा वेळ पडद्याकडे तोंड करून पडद्यावरचंच वाचून दाखवलं. लोकांना दिसली ती त्याची पाठ. शर्टाला काकूची इस्त्री होती म्हणून बरं. पुढच्या रांगेतला जाडा चक्क घोरत होता. मला हसू आलं. मग त्या घोरण्यावर दादाने आवाज चढवला, पण मागे वळला नाही, आणि माझं हसू गेलं.

दुपारचं मोठं भाषण काळुराम सरांचं. फार नाव म्हणे त्यांचं. शीळफाट्यावर टँकर आडवा पडलेला, सर अडकले ते अडकलेच. भाषण रद्द! मी लगेच सटकले. टेंभी नाक्यापाशी एका चपलांच्या दुकानात मांजर खोक्यात झोपलेलं. मला नेमकं तेच माप हवं होतं, मालक म्हणाला, "ती उठली की या." बसले ना वाट बघत! परत आले तर हॉलमध्ये खुर्च्या उचलत होते.

रविवार, ८ फेब्रुवारी

निकाल आला. दादाला चार पूर्णांक सहा.

काकूने लगेच हिशोब मांडला — "म्हणजे ब्याण्णव टक्के! एवढे तर दहावीलाही नव्हते रे विनू!" अख्ख्या बिल्डिंगला पेढे. दादा मतं मोठ्याने वाचतोय. "अप्रतिम." "डोळे उघडले." कोणाचे? त्या जाड्याचे?

सांगणार होते. पण काकूने पेढाच कोंबला तोंडात.

सोमवार, ९ फेब्रुवारी

दादा आरशासमोर हातवारे करतोय. देवा.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज जेवताना — "आई, मी नोकरी सोडायचं म्हणतोय. डोंबिवलीत क्लास काढतो. शुक्रवारी राजीनामा देईन."

काकूच्या हातातला डाव आमटीतच राहिला. काका गेल्यापासून घर दादाच्या पगारावर चालतंय. मी पण त्याच पगारावर जेवते, उगाच नाकारायचं कशाला. काकू एवढंच म्हणाली, "लोकांना आवडतं ना रे नक्की?"

"आई, ब्याण्णव टक्के!"

आणि माझ्याकडे बघून, "शिवा तर दारातच होती. विचार तिला."

मी पाणी प्यायला उठले. कसली डरपोक!

गुरुवार, १२ फेब्रुवारी

रत्नदीपला फोन केला. म्हटलं, काळुराम सरांना किती मिळाले? तो हसला आणि सगळंच पाठवून दिलं. चार पूर्णांक आठ! न झालेल्या भाषणाला! "खूप शिकायला मिळालं." "उदाहरणं मस्त." आणि एक महाभाग — "वेळ थोडा कमी पडला." ठाकुर्लीच्या पुलावर उभी राहून एकटीच खिदळत होते, लोक वळून बघत होते.

घरी येऊन दादापुढे मोबाइल धरला. कुपनाचं, चहाच्या रांगेचं, सगळं सांगितलं.

"काळुराम सर आलेच नव्हते ना?"

"नव्हतेच."

"म्हणजे मी काहीच बोललो नसतो तरी —"

"तर जास्त मिळाले असते."

जीभ आहे की सुरी माझी! दादा जेवला नाही. काकू मला विचारतेय, काय झालं गं त्याला?

शनिवार, १४ फेब्रुवारी

राजीनामा दादाने मंगळवारीच दिलेला. आम्हाला विचारायचं नुसतं नाटक. काकूला अजून माहीत नाही.

सकाळी काकू देवळात गेल्यावर त्याने मला स्टुलावर बसवलं. स्वतः भिंतीला पाठ लावून उभा राहिला, तोंड माझ्याकडे. "पहिल्यापासून बोलतो. कंटाळा आला की हात वर कर. खोटं नको, शिवा."

पहिल्याच वाक्याला हात वर. थांबला. पुन्हा सुरू. पुन्हा हात. त्याचे कान लाल झाले, तरी मी केला. कितींदा ते मोजलं नाही, खांदा भरून आला. काकू येऊन भाजी निवडायला लागली, तरी मी स्टुलावरच.

मग कधीतरी तो बोलत राहिला आणि माझा हात खालीच होता. माझ्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं.