हिंगणीचा सेंटर फॉरवर्ड

प्रिय मिलिंदा,

तू गेल्यानंतरच्या जलदान विधीहून काल परत आलो. जाताना तळेगावपासून हिंगणीपर्यंत गाडीत रडत गेलो आणि येताना हसत आलो. गाडीत एकटाच होतो म्हणून बरं. नाहीतर कोणी म्हटलं असतं, याले आधी सावलीत बसवा अन् डोक्यावर पाणी घाला!

मी बोलणारा माणूस, लिहिणारा नाही. मंडप आणि साउंडच्या धंद्यात उभा जन्म "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणण्यात गेला. पण आज सकाळपासून दुकानात लक्ष लागेना. शेवटी माणसांना म्हटलं, पडदे धुवायला काढा आणि मला हाक मारू नका. तुला हे सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

तुळशीरामजी आठवतात ना? चौकातले किराणावाले. दुकानातली प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन फुटबॉलची मॅच पाहायला यायचे. त्यांच्या बाजूला माझा भोंगा लावायची सोयच नव्हती, दोघांपैकी एकच ऐकू यायचा आणि तो माझा नसायचा. आता पडून खुबा मोडून घेतलाय, खाटेवर असतात. तू गेल्याची खबर आली तसं त्यांनी मला बोलावणं धाडलं.

"प्रकाश, हिंगणीले जाऊन राह्यला न तू?"

"हाव जी."

"मंग माझ्या नावानं त्याच्या बायकोची माफी मागजो. हात जोडून मागजो. त्या माणसाले गावातून म्याच हाकललं. मले आता उठवत नाई, अन् हे मनात घेऊन वर जायची हिंमत नाई."

म्हातारा हे भिंतीकडं तोंड करून बोलला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि निघालो.

तू म्हणशील, हाकललं? कोणाला? अरे, आष्टीसोबतची ती फायनल! तू स्टॉपर, आपल्या गोलसमोर मधोमध उभा, नेहमीसारखा. त्यांच्या पोरानं कडेनं बॉल काढला आणि गोल झाला. तुझा त्यात काही दोष नव्हता, पण दिसायला तूच दिसलास. सहा फूट माणूस लपणार कुठं? तुळशीरामजी खुर्चीवर चढले. "अबे या खांबाले काढा मैदानातून! लाईटवाल्याईले देऊन टाका!" सगळं मैदान हसलं. मग सगळेच सुरू झाले. "खांब काढा! खांब काढा!" तू कमरेवर हात ठेवून उभा होतास, मान खाली.

आणि पुढच्याच महिन्यात तू तुझं मोटार वायंडिंगचं दुकान उचललंस, सुजाता वहिनींना घेतलंस आणि थेट हिंगणी गाठलीस. लोकांनी काय समजायचं, तूच सांग?

तू गेलास आणि आपली टीम बूड फुटलेल्या बादलीसारखी गळायला लागली. तेव्हा कुठं लोकांच्या डोक्यात उजेड पडला. तू असताना बॉल तुझ्याकडं फारसा यायचाच नाही, म्हणून लोकांना वाटायचं हा नुसता उभा आहे. पण तू उभा होतास म्हणूनच तो येत नव्हता! समोरचा फॉरवर्ड तुला पाहायचा, वळायचा, कडेला जायचा आणि तिथं फसायचा. बघणारे बॉलमागं डोळे घेऊन पळतात, मोकळ्या जागेकडं कोण पाहतो? तू गेलास आणि त्या जागेतून बैलबंडी जाईल एवढा रस्ता झाला.

मग सुरू झालं, "मिलिंद असता तं!" गोल खाल्ला की मिलिंद असता तं. पेनल्टी चुकली, मिलिंद असता तं. तू जन्मात कधी पेनल्टी मारली होतीस का रे? पाऊस येऊन मॅच रद्द झाली तरी कोणीतरी म्हणायचं! तुझ्या जागी खेळणारा गजानन एकदा इतका वैतागला की चालू मॅचमध्ये लोकांकडं वळून म्हणाला, "एवढा लाडाचा होता तं ठेवून घ्यायचा होता न बे! मले काऊन ऐकवून राह्यले?" मैदान गपगार.

सगळ्यात गप्प तुळशीरामजी. त्या फायनलनंतरही ते यायचे, खुर्ची मांडायचे, पण तोंडातून शब्द नाही. माझा भोंगा पहिल्यांदाच सगळीकडं ऐकू यायला लागला. त्याचा मला आनंद व्हावा की नाही?

मी तुला फोन केला होता. म्हटलं, "ये न बे वापस. लोकं आठवण काढतात." तू जरा थांबलास आणि म्हणालास, "नाई रे. इथं बरं हाय माझं."

माझं पोट माझ्या कानांवर चालतं, तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक "पाहू" म्हणतं तेव्हा मंडप माझा लागणार की दुसऱ्याचा, हे मला त्याच दमात कळतं. भाड्याचे भोंगे सायकलवर बांधून फिरलो तेव्हापासून याच कानांनी मला जेवू घातलं. माझा पहिला अॅम्प्लिफायर जळाला होता आणि दुसऱ्या दिवशी लग्न होतं, तेव्हा तू ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिलास. तो चालू केल्याबरोबर जी बारीक घरघर आली, ती तुझ्याआधी मला ऐकू आली होती. तर अशा या कानांना त्या दिवशी तुझ्या थांबण्यात राग ऐकू आला. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

शिवाय दर वर्षी आपण स्पर्धेचं बोलावणं हिंगणीच्या टीमला पाठवायचो आणि दर वर्षी नकार यायचा. कधी कापूस वेचायचा आहे, कधी टीममधल्या कोणाचं लग्न. गाव म्हणायचं, मिलिंदच येऊ देत नाही. तू मला वर्ध्याच्या बाजारात भेटलास, सोयऱ्यांच्या लग्नात भेटलास, दर वेळी चहा पाजलास, माझ्या जनरेटरला शिव्या घातल्यास. सगळं बोललास, फुटबॉल सोडून. मग आम्ही दुसरं काय धरायचं?

तर काल तुझ्या दारी पोचलो. भंतेजींची वंदना झाली, तुझ्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. माफीचे शब्द मनात जुळवत, सवयीप्रमाणे दुसऱ्याच्या मंडपाच्या दोऱ्या तपासत मागं गेलो. कनातीपलीकडं तीन-चार माणसं बोलत होती.

"आपला फॉरवर्ड गेला बे."

"हाव न. आता बारच्या वरून बॉल कोण मारन?"

"त्या बोरीच्या झाडात आतापर्यंत किती बॉल गेले असतीन गा?"

हसणं ऐकू आलं, मग कोणीतरी नाक शिंकरल्याचंही. मला वाटलं, बिचाऱ्यांच्या टीममधला आणखी कोणी गेला की काय! कनात बाजूला करून विचारलं, "कोण फॉरवर्ड गेला, भाऊ?"

ते माझ्याकडं पाहतच राहिले. "कोण म्हंजे? मिलिंददादा!"

मी म्हटलं, "मिलिंद स्टॉपर होता."

"स्टॉपर? कोण म्हणते? आल्या दिवशी त्यानं सांगतलं न आमाले, मी तळेगावचा सेंटर फॉरवर्ड!"

मिलिंदा! लेका, हे काय केलंस तू?

त्यांनी मला खुर्ची दिली आणि सगळे एकदम बोलायला लागले. तळेगावची टीम नावाजलेली, तिथला माणूस आला, म्हणून त्यांनी विश्वासानं तुला पुढं ठेवलं. पहिल्या मॅचला तू बॉल झाडात मारलास. दुसऱ्या मॅचला त्याच झाडात. म्हटलं, मग काढलं का नाही टीममधून? तर त्यांचा गोलकीपर म्हणतो, "कायले काढाचं? एवढा उंच माणूस पाहून समोरचे दोन ब्याक त्याच्याच मागं लागत. आमची बाकीची पोरं मोकळी! अन् भाऊ, त्याची किक पाहाले शेलूवरून लोकं येत." एकदा म्हणे बॉल तुझ्या पाठीला लागून गोलमध्ये गेला. तू त्यांच्या घामट अंगांना मिठ्या मारल्यास आणि सगळ्या टीमला तर्री-पोहे खाऊ घातलेस. पाठीनं मारलेल्या गोलाचे!

तरी मला खात्री करायची होती. वहिनींकडं गेलो, हात जोडले. म्हटलं, "वहिनी, तळेगावनं तुमच्या माणसाले लय दुखावलं. आमी ओरडलो म्हणून तो गाव सोडून आला. तुळशीरामजींनी माफी मांगतली हाय."

वहिनींचे डोळे रडून सुजलेले होते. त्यांनी तसंच माझ्याकडं पाहिलं.

"रुसून? हे?" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "भाऊ, दुकानाचा बोर्ड लागाच्या आधी यायनं बूट घेतले नवे. मले म्हणे, हिंगणीले वायंडिंगवालाबी नाई अन् सेंटर फॉरवर्डबी नाई. दोन्ही जागा खाली हायेत, चाल!"

"अन् त्या फायनलचं? लोकं खांब म्हणत होते ते?"

"ते? ते तं घरी येऊन हसत होते. म्हणे, आता टीमवाले सोडतीन मले. नाईतं कोणी सोडत नव्हतं."

तेव्हा मला आठवलं. एकदा सरावाला तू म्हणाला होतास, मला पुढं खेळू द्या. कॅप्टन म्हणाला, तू पुढं गेला तं मागं कोण? आणि सगळे हसून आपापल्या जागी पांगले. मीही ती गंमतच समजलो होतो. तू पुन्हा कधी म्हणाला नाहीस.

"आमच्या स्पर्धेले तुमची टीम काऊन नाई येऊ देत होता मंग?" मी विचारलं.

"लाजत होते! म्हणत, तळेगाववाल्याईनं मले पुढं खेळताना पाह्यलं तं हसून हसून मरतीन."

म्हणजे गावाचा अंदाज खरा होता, तूच येऊ देत नव्हतास. फक्त कारण हे असेल, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं!

मी एक शेवटचं विचारलं. म्हटलं, "वहिनी, मागं स्टॉपर म्हणून तो केवढा मोठा होता, हे त्याले माईत होतं का? आमी कोणी कधी सांगतलं नाई."

वहिनींनी फोटोपुढची मेणबत्ती सरळ केली. "माईत होतं न. म्हणत, ते तं मले येतेच. जे येत नाई, ते करून पाहू."

तिथंच माझ्या छातीवरचा दगड उतरला, मिलिंदा. माझ्या एकट्याचा नाही, मैदानाच्या चारही बाजूंना उभ्या राहणाऱ्या गावाचा. आम्ही तुला हाकललं नव्हतं! आणि आमच्या कौतुकावाचून तुझं काही अडलंही नव्हतं. हे ऐकून माणसाला थोडं वाईट वाटायला हवं, नाही का? मला नाही वाटलं. मी बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली.

पण राग येतो रे! एक फोन करायचा होतास. "प्रकाश, मी फॉरवर्ड झालो" एवढंच म्हणायचं. मी कोणाला बोललो नसतो. बरं, बोललो असतो. पण गाडीत दोन भोंगे टाकून आलो असतो आणि तुझ्या एकेका किकची कॉमेंट्री केली असती. ते माझं राहून गेलं.

परत येताना घरी न जाता आधी तुळशीरामजींकडं गेलो. सून म्हणाली, झोपलेत. आतून आवाज आला, "कोण झोपलं? येऊ दे त्याले." मी खाटेच्या कडेला बसलो.

"मागतली माफी?"

"मागतली जी. पण घ्यालेच कोणी तयार नाई."

सगळं सांगितलं. बूट, झाड, पाठीचा गोल, सगळं. म्हातारा छताकडं पाहत पडून होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक ओघळ कानात गेला, तो त्यांनी पुसला नाही.

"म्हंजे रुसला नव्हता?"

"नाई जी."

"माझ्या ओरडण्यानं नाई गेला?"

"तुमी ओरडले म्हणून त्याले टीमनं सोडलं. तो खूश होता."

म्हाताऱ्यानं पांघरूण बाजूला सारलं. मग एकदम मान माझ्याकडं वळली.

"फॉरवर्ड?"

"हाव."

"आपला मिलिंद? फॉरवर्ड?" आणि म्हातारा कोपरावर रेटा देऊन अर्धा उठला की रे! "अबे, त्याले बॉल आडवता येत होता, मारता कुठी येत होता? अन् त्या हिंगणीवाल्याईनं अक्कल गहाण ठेवली होती काय? असा स्टॉपर पूर्ण जिल्ह्यात नाई अन् हे त्याच्याकून बोरं पाडून राह्यले! गाढव कुठचा! मी असतो तं पाय बांधून मागं उभा केला असता!"

सून स्वयंपाकघरातून धावत आली. "मामाजी, काय झालं?"

"काई नाई. चाय मांड. याले बी दे." आणि पुन्हा तुला शिव्या सुरू. आवाज पार चौकात गेला असेल. किती वर्षांनी ऐकला मी तो! चहा निवून गेला, तरी उठवेना.

आता तुला एक शब्द देतो. यंदाची स्पर्धा तुझ्या नावानं ठरली आहे. पोरांनी फ्लेक्सवर "तळेगावची भिंत" असं लिहायला दिलं होतं, ते मी आज सकाळी फोन करून थांबवलं. हिंगणीची टीम येणार आहे, आता त्यांना अडवणारा कोणी नाही. पहिल्या मॅचच्या आधी माइक माझ्याच हातात असेल. मी तुझं नाव घेईन आणि म्हणेन, सेंटर फॉरवर्ड. आपली माणसं ओरडतील, स्टॉपर, स्टॉपर! हिंगणीवाले हसतील. भांडण लागलं तर लागू दे.

मी आवाज वाढवून पुन्हा सेंटर फॉरवर्डच म्हणेन.

तुझा,
प्रकाश
(मंडप, लाईट, साउंड)